पाचगणीच्या घरात दगडी फायरप्लेस: आधी धुराची वाट, मग दगड

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाचगणीजवळ घर बांधणं चालू आहे. जोतं झालंय, भिंती उठायच्यात. दिवाणखाना २० बाय १४ फुटांचा, वर उतरतं कौलारू छप्पर. त्यात खरी, लाकडं पेटवता येतील अशी नैसर्गिक दगडाची फायरप्लेस हवी आहे. धोमच्या बाजूला नदीकाठी दिसणारे गोलसर गोटे मनात भरले आहेत. एका नातेवाइकाने सांगितलं, दगड तापला की फुटतो. मिस्त्री म्हणतो, काही होत नाही, सिमेंटात घट्ट बसवून देतो. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

नातेवाइकाचं ऐका, पण घाबरून जाऊ नका. दगड फुटतो तो आगीला थेट लागला तर. नीट बांधलेल्या फायरप्लेसमध्ये दगडाचा आणि आगीचा संबंधच येत नाही. आत फायर ब्रिकची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटेची, कोठी असते, तिच्याभोवती साध्या विटेचं कवच, मग थोडी मोकळी जागा, आणि त्या जागेबाहेर दगड. लोक चित्रं बघून दगड निवडतात आणि फायरप्लेस झाली असं समजतात. काम मात्र करते आतली पोकळी: तिची उंची, खोली, गळा आणि वरचं धुराडं. ही पोकळी चुकली तर जगातला सर्वांत देखणा दगड लावूनही पहिल्याच थंडीत दिवाणखाना धुराने भरेल. म्हणून मी उत्तर उलट्या क्रमाने देतो, छपरापासून खाली.

धुराडं ओढतं कसं, हे एकदा समजून घ्या, म्हणजे मिस्त्रीशी वाद घालता येईल. आतली हवा गरम, म्हणून हलकी. बाहेरची थंड, म्हणून जड. धुराडं जितकं उंच आणि आतून जितकं गरम, तितकी ओढ जास्त. त्यामुळे चुलीच्या तळापासून धुराड्याच्या तोंडापर्यंत १५ फुटांपेक्षा कमी उंची ठेवू नये. तुमचं आढं १४ फुटांच्या आसपास असेल, तर आढ्याजवळून बाहेर काढलेलं धुराडं सहज १७-१८ फुटांचं होतं. आढ्यापासून लांब, पागोळीच्या बाजूला काढलंत तर खर्च वाढतो, कारण नियम असा: छपरातून बाहेर येतं तिथून किमान ३ फूट वर, आणि आडव्या अंतरात १० फुटांच्या आत छपराचा जो काही भाग येईल त्याच्यापेक्षा किमान २ फूट उंच. हे आणि पुढचे बरेचसे आकडे अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेतले आहेत. तिथे बऱ्याच घरांत फायरप्लेस असते, त्यामुळे त्यांनी ही गणितं घासूनपुसून ठेवली आहेत. मी गेली अनेक वर्षं सातारच्या डोंगराळ भागात तीच वापरतो.

पागोळीच्या बाजूला, बाहेरच्या भिंतीला चिकटून उभं केलेलं दगडी धुराडं फोटोत फार छान दिसतं. पण ते तीन बाजूंनी थंड वाऱ्यात उभं असतं. रात्री पेटवायला गेलात की आत थंड हवेचा स्तंभ बसलेला असतो, आणि पहिला अर्धा तास धूर खोलीत उलटतो. घराच्या आतून नेलेलं धुराडं उबदार राहतं. पाचगणीत आणखी एक गोष्ट आहे. समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटर उंचीवर हवा सुमारे १४-१५ टक्के विरळ असते, म्हणजे ओढही थोडी कमीच. शिवाय घर कड्याच्या बाजूला असेल तर खालून चढून येणारा वारा छपरावर भोवरे घालतो आणि धूर खाली दाबतो. अशा जागी धुराडं नियमापेक्षा दोन-अडीच फूट जास्त घेतलेलं बरं.

आता आतली मापं. २० बाय १४च्या खोलीला ३६ इंच रुंद आणि ३० इंच उंच तोंड पुरेसं आहे. यापेक्षा मोठं मागू नका. मोठं तोंड जास्त उष्णता देत नाही, उलट खोलीतली गरम हवा जास्त खेचून बाहेर टाकतं. कोठीची खोली १६ ते १८ इंच, मागची भिंत २२-२३ इंच रुंद, म्हणजे दोन्ही बाजूच्या भिंती बाहेरच्या दिशेला उघडत जातील. मागची भिंत पहिले १४ इंच सरळ ओळंब्यात, आणि तिथून पुढे झुकत वर. हा तिरकेपणा शोभेचा नाही. विस्तवाची उष्णता तो खोलीकडे फेकतो. काउंट रमफर्ड नावाच्या माणसाने १७९० च्या दशकात लंडनमधल्या धुरकट चुली उथळ आणि तिरप्या भिंतींच्या करून दाखवल्या, तेव्हापासून हे गणित मूळ स्वरूपात फारसं बदललेलं नाही. आपल्याकडचे मिस्त्री सरळ चौकोनी कोनाडा बांधतात, कारण तो गुण्याने, म्हणजे काटकोन मापायच्या हत्याराने, पटकन साधतो. त्यांना जमिनीवर खडूने पूर्ण मापात आकृती काढून द्या. कागदावरचा नकाशा पुरत नाही.

तोंडाचं क्षेत्रफळ झालं ३६ गुणिले ३०, म्हणजे १०८० चौरस इंच. धुराड्याचं आतलं मोकळं क्षेत्रफळ याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी नको, आणि धुराडं बुटकं असेल तर आठव्या हिश्श्याहून. १०८ ते १३५ चौरस इंच. आपल्याकडची उंची आणि विरळ हवा बघता मी सरळ १२ बाय १२ इंच मोकळं घेईन, म्हणजे १४४. अस्तर लावल्यानंतर मोकळं, आधी नव्हे! हे मिस्त्रीकडून लिहून घ्या, कारण १२ बाय १२चा नळ बांधून त्यात अस्तर घातलं की आत उरतं ९ बाय ९, आणि सगळं गणित पाण्यात.

तोंड आणि धुराडं यांच्यामध्ये गळा असतो. तोंडावरच्या लिंटेलच्या खालच्या कडेपासून किमान ८ इंच वर, पूर्ण रुंदीभर, ४ इंच खोलीची ही फट. इथेच लोखंडी झडप बसते. ती ओतीव लोखंडाची मिळाली तर उत्तम, नाहीतर चांगल्या फॅब्रिकेटरकडून ५-६ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची करून घ्या. झडप हवीच. नाहीतर वर्षातले दहा महिने तुमच्या घराला छपरात एक फूटभर भोक असेल, आणि पावसाळ्यात त्यातून ओल, किडे, काजळीचा वास सगळं खाली येईल. गळ्याच्या वर धूर गोळा होणारा नरसाळ्यासारखा भाग आतून गुळगुळीत गिलावा करून घ्या. ओबडधोबड पायऱ्या सोडल्या तर धूर तिथे अडखळतो आणि काजळीला बसायला जागा मिळते.

पाया. जोतं झालंय म्हणालात, म्हणून हे आत्ताच सांगतो. फायरप्लेसला स्वतःचा पाया लागतो. हिशोब करा: ६ फूट रुंद, ३ फूट खोल, १० फूट उंच दगडी बांधकाम आणि त्यावर धुराडं. पोकळ्या वजा केल्या तरी वजन १० टनांच्या आसपास जातं, कारण काळ्या दगडाचा एक घनमीटर पावणेतीन टनांहून जास्त भरतो. हे सगळं दीड-पावणेदोन चौरस मीटर जागेवर उभं राहणार. चौरस मीटरला ६ टन! घरातली साधी फरशी किंवा स्लॅब आपण चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून बांधतो. म्हणून तेवढा भाग उकरा, कठीण मुरूम किंवा जांभ्याचा थर लागेपर्यंत खाली जा, आणि फायरप्लेसच्या बाहेर सगळीकडे ६ इंच पुढे येईल असा किमान फूटभर जाडीचा काँक्रीटचा पाया घ्या. खाली वाईच्या बाजूला काळी माती असते, तिथे हे आणखी कडकपणे पाळावं लागतं. वरती तुमच्याकडे जमीन बरी आहे.

आणि एक: हा पाया घराच्या पायाला जखडू नका, भिंतही घराच्या भिंतीत गुंतवू नका. जड भाग थोडा जास्त बसतो, हलका कमी. जोडलेत तर कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत तडा येणार. मधे अर्ध्या इंचाची फट सोडून ती सिरॅमिक वुलने (उष्णता सोसणाऱ्या कापसासारख्या तंतूंनी) भरा आणि वरून पट्टी लावा.

आता आतली कोठी. फायर ब्रिक ९ बाय साडेचार बाय ३ इंचांच्या मिळतात. पुण्या-मुंबईत भट्ट्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मागा, ३० ते ४० टक्के अॅल्युमिनाची साधी प्रत घरगुती लाकडाच्या आगीला भरपूर झाली. सांधे पाव इंचाहून पातळ. मसाला साधा सिमेंटचा नको, इथे मिस्त्रीचं ऐकायचं नाही. सिमेंट घट्ट होताना त्यात जो चुना तयार होतो, तो ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान आपलं पाणी सोडून देतो. आग विझली, पावसाळ्यात ओल आली, की तोच चुना पुन्हा पाणी पितो आणि फुगतो. दोन-तीन हंगामांत सांधे भुसभुशीत होऊन बोटाने उकरता येतात. हवेतच कडक होणारा तयार रिफ्रॅक्टरी मॉर्टर, म्हणजे उष्णता सोसणारा मसाला, घ्या. नुसत्या फायर क्लेचा चिखलही चालत नाही, कारण तो पक्का व्हायला भट्टीची उष्णता लागते आणि घरातली आग तेवढी सगळीकडे पोचत नाही. अस्तर आणि मागची वीट मिळून कोठीची भिंत किमान ८ इंच जाड हवी.

तोंडावर दगडी कमान करता आली तर फार सुंदर, आणि कमानीला लोखंड लागतच नाही. नाहीतर लोखंडी अँगल टाका, पण दोन्ही टोकांना थोडी मोकळी जागा सोडून. चार फुटांचा अँगल ३०० अंशांनी तापला की चारएक मिलिमीटर लांबतो. टोकं सिमेंटात गच्च बसवली असतील तर तो दगड ढकलतो. फायरप्लेसच्या तोंडाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून तिरपे गेलेले तडे तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असतीलच, त्यातले बरेचसे याच कारणाने पडलेले असतात.

कोठी, गळा, धुराडं उभं राहिलं की थांबा. दगड चढवू नका. आठ-पंधरा दिवस सुकू द्या, मग वाळलेल्या गवताची पेंढी किंवा रद्दी पेटवून धूर कुठे जातो ते बघा, आणि दुसऱ्या दिवशी छोटी, खरी लाकडाची आग करा. धूर तोंडाच्या वरच्या कडेने खोलीत येत असेल, तर पत्र्याचा एक तुकडा वरच्या कडेला धरून हळूहळू खाली आणा. ज्या उंचीला धूर यायचा थांबेल, ती तुमच्या तोंडाची खरी उंची. लिंटेल तेवढं खाली घ्या. दगड लागलेला नसताना हे काम दोन तासांचं आहे. दगड लागल्यानंतर हेच काम म्हणजे तोडफोड, पाथरवटाची नाराजी आणि बायको-मुलांची बोलणी.

आता दगड. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

तुम्ही राहता तो सगळा मुलूख काळ्या दगडाचा, बेसॉल्टचा, आणि माथ्यावर जांभ्याचं टोपण. पाचगणीचं टेबललँड म्हणजे जांभाच. दोन्ही दगड हाताशी असताना राजस्थानातून दगड मागवण्याचं मला कधीच कळलेलं नाही, पण लोक मागवतात.

काळा दगड बारीक कणांचा, आणि त्यात स्फटिकरूप गारेचे (क्वार्ट्झचे) कण नसतात. हे महत्त्वाचं आहे. ग्रॅनाइटमध्ये गारेचे कण भरपूर असतात, आणि गार ५७३ अंशांना आपली रचना बदलते, एकदम फुगते. ग्रॅनाइटवर फ्लेम फिनिश करतात ते बघितलंय का? पृष्ठभागावर ज्योत फिरवली की वरचे कण तडतडत उडतात आणि दगड खरखरीत होतो. कारखान्यात जे मुद्दाम करतात तेच तुमच्या कोठीत नकळत होईल. म्हणून ग्रॅनाइट तोंडाच्या जवळपास नको. वर कट्ट्यावर, बाजूला, खुशाल लावा. शहाबादी, कडप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे प्रकार. कोठीच्या पुढच्या फरशीला ते चालतात, निखाऱ्याखाली नाही, कारण चुनखडी फार तापली की तिचा चुनाच व्हायला लागतो.

काळ्या दगडातही निवड आहे. खाणीतून येणारा काही दगड एकसंध, निळसर काळा, टाकी मारली की खणखण वाजणारा असतो. तो घ्या. दुसरा प्रकार सच्छिद्र, आणि त्याच्या पोकळ्यांत पांढरी, कधी हिरवट, कधी गुलाबीसर खनिजं भरलेली असतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी या खनिजांसाठी जगभरातल्या संग्राहकांना माहीत आहेत. ती दिसतात सुंदर, पण त्यातली बरीचशी झिओलाइट जातीची, म्हणजे रचनेतच पाणी धरून ठेवणारी. १७५६ मध्ये क्रॉनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असं खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ उसळताना दिसली होती. तापणाऱ्या भागात, म्हणजे तोंडाच्या चौकटीला आणि कमानीला, असा पांढऱ्या ठिपक्यांचा दगड लावू नका. वरच्या थंड भागात तोच दगड लावा, दिवाणखान्यातले पाहुणे आगीपेक्षा त्याच्याचकडे बघत बसतील.

नदीतले गोटे. हाही काळा दगडच, पण वर्षानुवर्षं पाण्यात पडलेला. बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं. झपाट्याने तापला तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा नसते, मग दगड आवाज करून फुटतो. कोठीच्या आत गोटे अजिबात नाहीत. बाहेरच्या कवचात चालतील, पण बांधकाम म्हणून गोलसर गोटा वाईट: त्याला बैठक नसते, तो सगळा मसाल्यावर तरंगतो. चपटे, लांबट गोटे निवडता येतील. आणि नदीतून उचलून आणू नका. दगड गौण खनिजात मोडतो, महसूल खात्याची परवानगी लागते. रीतसर परवाना असलेल्या पुरवठादाराकडून घ्या आणि पावती जपून ठेवा.

जांभा. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. सच्छिद्र असल्याने उष्णतेचे धक्के तो चांगले पचवतो, आणि तापला की त्यातलं लोह पाणी सोडून आणखी लाल होतं. कोठीभोवतीच्या दर्शनी भागाला जांभ्याचे चिरे लावायची कल्पना मला आवडते. मात्र छपराच्या वरच्या धुराड्याला उघडा जांभा नको. तो पाऊस पितो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीला त्याहून बराच कमी, पण झड तीच, वारा तोच. वरचा भाग काळ्या दगडाचा करा किंवा विटेचा करून गिलावा द्या.

माझी निवड विचारत असाल तर तोंडाची चौकट आणि कमान घडीव काळ्या दगडाची, बाकी दर्शनी भाग जांभ्याचा, आणि मधेमधे तुमचे आवडते चपटे गोटे. सगळंच एका दगडाचं केलं की ते हॉटेलच्या स्वागतकक्षासारखं दिसतं. हे माझं मत, घर तुमचं.

दगडकाम गवंड्याकडून नको, पाथरवटाकडून करून घ्या. वाई-सातारा भागात अजून हाताने टाकी लावणारे लोक आहेत, आणि देवळांच्या जीर्णोद्धारामुळे त्यांच्या हाताला काम आहे, त्यामुळे आधी वेळ ठरवा. दगड आला की दर्शनी भागाच्या मापाची चौकट अंगणात आखून सगळा दगड त्यात आडवा मांडून बघा. मोठे दगड खाली आणि कोपऱ्यात. उभे सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. चिपा फक्त फट भरायला, वजन पेलायला नाही. चिपांवर उभा केलेला दगड हलतो आणि मग नुसत्या मसाल्यावर टिकून राहतो. दगडाचं कवच मागच्या विटेला स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी बांधा, दर अडीच चौरस फुटांना एक पट्टी. कवच आणि वीट यांच्यात इंचभर जागा सोडून तिथे सिरॅमिक फायबरची चादर ठेवा. मिस्त्री ती जागा मसाल्याने भरून टाकेल. हे नाहक कष्ट तो फार प्रेमाने घेतो, म्हणून त्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.

बाहेरच्या दगडाचा मसाला १ भाग सिमेंट, १ भाग चुना, ६ भाग वाळू. चुन्यामुळे तो थोडा लवचीक राहतो. सांधे अर्धा-पाऊण इंच आत खरवडून ठेवा आणि दर्जा, म्हणजे सांध्यांचा दर्शनी मसाला, नंतर भरा, त्यात थोडी दगडाची भुकटी मिसळली की रंग जुळतो. जाडजूड, दगडाच्या वर आलेल्या सिमेंटच्या रेघा मारायचा जो प्रकार कंपाउंडच्या भिंतीवर दिसतो, तो इथे करू देऊ नका. चकाकणारं पॉलिश किंवा लॅकरही नको, उष्णतेने ते पिवळं पडतं.

तुळई. जुन्या वाड्यातली सागवानी तुळई आणून ती तोंडावर बसवायची सध्या हौस आहे, आणि मलाही ती आवडते. लाकूड तोंडाच्या कडेपासून ६ इंचांच्या आत कधीच नको, आणि ६ ते १२ इंचांच्या पट्ट्यात असेल तर प्रत्येक इंच अंतरामागे फक्त इंचाचा आठवा भाग पुढे येऊ शकतं. थोडक्यात, जाड तुळई हवी असेल तर १२ इंचांच्या वर, मी १५ म्हणेन. समोरची फरशी किंवा चौथरा तोंडापुढे २० इंच आणि दोन्ही बाजूंना १२ इंच, तेवढ्यात सतरंजी येता कामा नये.

छप्पर. कौलारू छपराचे वासे धुराड्याला टेकवायचे नाहीत, त्यात खुपसायचे तर नाहीतच. सगळीकडे २ इंच मोकळे. लाकूड रोज थोडं थोडं तापत राहिलं की वर्षांनी कमी उष्णतेलाही पेट घेतं, आणि अशी आग कौलांच्या खाली लागते तेव्हा दिसत नाही. धुराड्याच्या आत अस्तराला ३१६ प्रतीचा स्टेनलेस स्टीलचा गोल पाइप, भोवती रॉकवुल. आतून १४ इंच व्यासाचा घ्या, कारण १२ इंची गोलात १४४ चौरस इंच मिळत नाहीत. ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप स्वस्त म्हणून कुणी सुचवेल. तो तापून स्फोट झाल्यासारखा तडकतो आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक. नकोच.

छपराच्या चढाच्या बाजूला, धुराड्याच्या मागे, पाणी साचतं. तिथे छोटा दुपाखी उतार करून पाणी दोन्हीकडे वळवा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा कौलांखालून वर चढवून दगडाच्या खाचेत दाबा. गळती होते ती नव्वद टक्के इथेच. धुराड्याच्या तोंडावर चार पायांवर काँक्रीटची टोपी, चारही बाजूंना पाण्याची नाळ कापलेली, आणि पायांमधून मोकळी जागा धुराड्याच्या आतल्या क्षेत्रफळाहून जास्त. भोवती स्टीलची जाळी लावा. तुमच्याकडे वानरं आहेत, मधमाश्या आहेत. दोघांनाही रिकामं धुराडं फार आवडतं.

आता हवा, जिच्याबद्दल कुणी विचारत नाही. आग खोलीतली हवा खाते. जुन्या बंगल्यांची दारं-खिडक्या फटींची होती, हवा आपोआप यायची. तुम्ही यूपीव्हीसीच्या घट्ट खिडक्या लावणार असाल तर हवा येणार कुठून? शिवाय स्वयंपाकघरातली इलेक्ट्रिक चिमणी ताशी हजार घनमीटर हवा बाहेर फेकू शकते. ती चालू, खिडक्या बंद आणि फायरप्लेस पेटलेली, तर घर धुराड्यातूनच हवा ओढेल, म्हणजे धूर उलटा खाली. धूर दिसतो, पण त्याच्याबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही, त्याला वासही नसतो. म्हणून कोठीच्या शेजारी फरशीखालून बाहेरपर्यंत ४ इंची पाइप, बाहेरच्या टोकाला जाळी, आतल्या टोकाला झाकण. जोतं आत्ता उघडं आहे, आत्ताच टाका. दिवाणखान्यात आणि झोपायच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. निखारे पूर्ण विझेपर्यंत झडप बंद करायची नाही, घरात लहान-मोठ्या सगळ्यांना हे माहीत हवं.

उबेबद्दल खरं बोलतो. उघडी फायरप्लेस लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण दहावा हिस्सा खोलीला देते, बाकी आकाशाला. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तशा रात्री ती समोर बसलेल्या चार जणांना ऊब देईल, घर गरम करणार नाही. घर गरम करायचं असेल तर याच कोठीत काचेच्या दाराची ओतीव लोखंडी शेगडी बसवण्याची सोय ठेवा. ती तीच लाकडं कितीतरी चांगली वापरते.

लाकूड वाळलेलं हवं, ओल २० टक्क्यांच्या खाली, म्हणजे फोडून, छपराखाली, वारा लागेल असं किमान एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा ठेवलेलं. बाभूळ सर्वांत चांगली, निखारा टिकतो. तुमच्या भागात सिल्व्हर ओक भरपूर. तो भुरकन पेटतो आणि भुरकन संपतो, पेटवणीला ठीक. ओलं लाकूड जाळलंत तर धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, आणि तो एखाद्या रात्री पेट घेतो. म्हणून दर वर्षी दिवाळीआधी ब्रश फिरवून घ्या. झाड तोडायला परवानगी लागते, मग ते तुमच्या आवारात का असेना. महाबळेश्वर-पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा नकाशात धुराडं दाखवूनच मंजुरी घ्या.

वेळापत्रक असं ठेवा: पाया आणि हवेचा पाइप आत्ता, कोठी आणि धुराडं छपराबरोबर, धुराची चाचणी, मग दगड, आणि वरची टोपी व पत्र्याचं काम काहीही झालं तरी मेच्या मध्यापर्यंत. शेवटचा दगड बसल्यावर महिनाभर मोठी आग नको. पहिल्या दिवशी मूठभर काड्या, रोज थोडी वाढवत आठवडाभर. पुढे दर वर्षी पावसाळा संपल्यावर पहिली आग अशीच लहान करायची, कारण चार महिन्यांची ओल दगडात बसलेली असते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: दिवाणखान्यावर पुढेमागे मजला चढवायचा विचार आहे का? असेल तर धुराड्याची जागा, उंची आणि पायाची रुंदी तिन्ही बदलतील, आणि ते पाया ओतायच्या आधी ठरायला हवं.